आस्कंदाच्या मुळाशी

शोधू नका, दिसणार नाही मी. आवाजावर भागवा. मी आस्कंदाच्या मुळाला चिकटून राहणारा जीवाणू. तुम्ही ज्याला अश्वगंधा म्हणता आणि दुधातून घेता, त्याच्या मुळावर माझा संसार. ‘मी’ म्हणतो खरा, पण सुईच्या टोकावर माझी अख्खी जत्रा मावते. त्यातला एक मेला म्हणून बाकीचे थांबत नाहीत. तेही मीच.

माझा धंदा सांगतो, पण गोड काही ऐकायची अपेक्षा ठेवू नका. मूळ मला साखर पाझरतं, मी त्याला दगडात अडकलेलं खाद्य विरघळवून देतो. इथवर शेजारधर्म. पण मी गप्प बसणाऱ्यातला नाही. मी मुळाला सारखा डिवचतो. झाडाला वाटतं, कुणीतरी मारायला आलं. त्या धास्तीनं ते अंगात कडू रसायन साठवतं. झाडाच्या त्या धास्तीलाच माणसं औषध म्हणतात. ज्या मुळाला कुणी त्रास दिला नाही, ते जाड होतं, गोरं होतं आणि कुणाच्या उपयोगाचं राहत नाही.

माझा जन्म मांडवगण फराट्याच्या शिवेवर, खंडूच्या रानात. रान म्हणजे उतारावरचा मुरमाड तुकडा. वीतभर माती, खाली खडक. खंडूच्या आज्याला गावानं तो दिला होता, कारण तो दुसऱ्या कुणालाच नको होता. खत नाही, फवारणी नाही, पाटाचं पाणी तर लांबूनसुद्धा दिसत नाही. अशा जागी माझी मात्र चंगळ होती. बांधावर आस्कंद आपोआप उगवायचा आणि लोक ढोरगुंज म्हणून, तण समजून उपटून फेकायचे.

ते फेकणं करुणानं थांबवलं. करुणा खंडूची थोरली. शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली, घरातली पहिलीच. बुद्धवंदनेला सगळ्यांत मोठा आवाज तिचा आणि भांडणातही तिचाच. २००१ साली तिनं बांधावरची मुळं पुण्याच्या एका औषध कंपनीला दाखवली. ती इतकी कडक निघाली की कंपनीच्या अनुपमा मॅडम जीप घेऊन थेट रानात आल्या आणि मातीत बोटं घालून बसल्या.

“सगळं रान आस्कंदाखाली आण,” त्या करुणाला म्हणाल्या. “माल असाच निघाला, तर आमच्या बियाण्याचा मळा तुझ्याच रानात. कायमचा.”

खंडूनं मात्र अट घातली. “एक साल देतो तुला. जमलं तर रान तुझं. न्हाई जमलं तर कारेगावला जायाचं, कारखान्यात, पॅकिंगला. गावच्या समद्या पोरी जात्यात.”

“जमणार, आबा.”

“बघू.”

‘बघू’ हा म्हाताऱ्यांचा लाडका शब्द. नाही म्हणायची हिंमत नसते आणि हो म्हणताना जीव जातो.

पोपटराव सोसायटीचे चेअरमन, नदीकाठच्या काळ्या रानाचे मालक. कंपनीची जीप खंडूच्या बांधाला लागलेली त्यांनी पाहिली आणि त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं नाही. रोपं मागायला ते स्वतः आले, पण मोटारसायकलवरून खाली उतरले नाहीत.

“खंडू, तुझ्या पोरीची उरल्याली रोपं दे धाडून. आमच्याबी रानात लावून बघतो.”

“व्हय, आप्पा. सांजच्याला पोचवतो.”

करुणा आतून बाहेर आली. “रोपं देऊ, आप्पा. पण मुळाची माती झटकू नका. आहेत तशी लावा.”

पोपटराव खंडूकडं बघून हसले. “आता ही शिकवणार व्हय आम्हाला लावणी?”

“ल्हान हाय, आप्पा,” खंडू म्हणाला. पोरगी तेवीस वर्षांची होती.

रोपांबरोबर मीही गेलो. पोपटरावांच्या विहिरीवर, हौदाच्या कडेला त्यांची आई साळूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. टोपल्या बघताच त्यांनी विचारलं, “कुठनं आल्यात गं ही?”

“खंडूच्या रानातनं,” रोजानं आलेली झुंबरबाई म्हणाली.

“मग तशीच लावताय व्हय? धुवा. मुळं चांगली खळाखळा धुवा. त्यांच्या रानातली माती आपल्या रानात नगं.”

“करुणा म्हनली हुती, माती ऱ्हाऊ द्या.”

“तिला म्हणावं, तुझ्या मातीचं कवतिक तुझ्या घरी.”

धुतलं मला. एकेक मूळ बोटांनी चोळून. वरून गोमूत्राचा शिपका. मला विटाळ कळत नाही, तहान कळते. हौदाच्या सिमेंटवर सांडलेला मी लाखोंनी सुकून मेलो आणि लख्ख पांढरी मुळं काळ्या रानात उभी राहिली. तिकडं खंडूच्या मुरमात उरलेला मी आपल्या कामाला लागलो होतो.

काढणी झाली. पोपटरावांची मुळं युरिया आणि पाटाचं पाणी पिऊन मुळ्याएवढी झाली होती. करुणाची बोटाएवढी, वाकडीतिकडी. पारावर चेष्टा सुरू झाली, “खंडूच्या पोरीची मुळं उपाशी मेली का काय रं!”

मग पुण्याहून तपासणी आली. अनुपमा मॅडमनी सोसायटीच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर सांगितलं, “पोपटराव, दिसायला तुमचा माल सुंदर आहे. पण आत औषध नाही. कोशिंबिरीला चालेल.”

लोक फिस्सकन हसले. पोपटरावांचे कान लाल झाले. “मग रोपंच बोगस दिली ह्यानं! खंडू, फसवलंस व्हय रं मला?”

खंडूनं हात जोडले. बापाचे ते जोडलेले हात करुणानं बघितले आणि तिचा ताबा सुटला.

“रोपं तीच होती, आप्पा! तुम्ही धुतलीत ती. आमच्या रानातली माती नको म्हणून धुतलीत, सगळ्या बायकांनी पाहिलंय. अहो, त्या मातीतले जीवाणू मुळाकडून औषध करून घेतात. आमची माती जिथं पडेल तिथं मूळ कडू होईल, तुमच्या काळ्या रानातसुद्धा! विटाळ धुवायला गेलात आणि औषध धुऊन बसलात. खा आता कोशिंबीर!”

मॅडमनी मान हलवली. पोरगी बरोबर बोलत होती. मागच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. बियाण्याचा मळा करुणाला मिळाल्यात जमा होता. जन्मात पहिल्यांदा चारचौघांत माझं नाव निघालं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

पोपटराव या वेळी मात्र चिडले नाहीत. ते ऐकत होते. संतापलेल्या माणसाच्या तोंडून जे सांडतं ते वेचून खिशात घालायची सवय त्यांना इलेक्शनांनी लावली होती.

पुढच्याच आठवड्यात करुणा कंपनीशी पक्कं बोलायला दौंडहून गाडी धरून पुण्याला गेली. त्याच सकाळी पोपटराव खंडूच्या दारात आले. या वेळी मोटारसायकलवरून उतरले. घरात येऊन बाजेवर बसले. त्या उंबऱ्याच्या आत त्यांच्या घरातलं कुणी आजवर आलं नव्हतं.

“खंडूराव,” ते म्हणाले, “च्या टाका की.”

खंडूनं घाईघाईनं डबा उपडा केला आणि निम्मी साखर चुलीत पडली. पोपटरावांनी चहा बशीत ओतला आणि शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असा भुरका मारला.

“आईचं चुकलं. जुनं माणूस हाय, मनात ठिवू नका. चार ट्रॉल्या माती द्या, म्हंजी झालं गेलं मिटलं.”

“मातीचं काय एवढं, आप्पा? न्या की.”

चार ट्रॉल्या बोलले होते, पण ट्रॅक्टरला रुंद पातं जोडूनच आणलं होतं. वीतभर माती त्यांनी खडकापर्यंत खरवडली. खंडू बांधावर उभा राहून ड्रायव्हरला वाट दाखवत होता, “हिकडनं घ्या, हिकडनं. तिथं चाक घसरंल.”

करुणा संध्याकाळी परतली, तेव्हा रानाच्या जागी खडक होता.

“कुणी नेली माती?”

“नेली न्हाई, म्या दिली.” खंडूचा चेहरा लग्नातल्यासारखा उजळला होता. “आप्पा च्या प्याले गं आपल्या घरी! खंडूराव म्हनले मला.”

“आबा, रान गेलं.”

“जातंय कुठं? वाऱ्यापावसानं माती येती परत.”

“किती वर्षांनी?”

“बघू.”

“एका बशीत घालवलंत मला,” करुणा म्हणाली. खंडूला ते ऐकू गेलं नाही. शेजारच्या हौशीरामला त्यानं हाक मारली होती आणि चहाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली होती.

कंपनीला मूळ हवं असतं, माणूस कुठलाही चालतो. अनुपमा मॅडम फोनवर खूप हळहळल्या. बियाण्याचा मळा त्यांनी पोपटरावांना दिला. करुणा कारेगावला पॅकिंगला लागली.

तुम्हाला वाटत असेल, मी तरी सूड उगवला असेन. काम बंद पाडलं असेल, पोपटरावांचं पीक नासवलं असेल. नाही. पहिल्याच हंगामात मी त्यांची मुळं कडू करून दाखवली. मालक कोण, हे मला कळत नाही. साखर पाझरणारं मूळ लागलं की मी डिवचायला लागतो. माझ्याएवढा इमानी कुणी नाही आणि माझ्याएवढा नालायकही. मळा बघायला येणाऱ्यांना साळूबाई आता हसून सांगतात, “मातीला कुठं जात असती व्हय, बाबा?”

आज सकाळी कामावर जाण्याआधी करुणा पोपटरावांच्या या मळ्यात आली. तिच्याकडं थोडं बी शिल्लक आहे, ते कुंड्यांत लावायला तिला मूठभर मी हवा होतो. तिनं बसकण मारली आणि रिकाम्या डब्यात माती भरायला लागली.

“ठिव खाली!” साळूबाई ओरडल्या. “माती चोरतीस? बापाचं रान हाय व्हय तुझ्या?”

“व्हय,” करुणा म्हणाली. “बापाचंच.”

पोपटराव आले. आवाज न चढवता म्हणाले, “डबा रिता कर, पोरी.”

करुणा हलली नाही. तेव्हा पलीकडच्या सरीत रोजानं खुरपत बसलेला खंडूच बोलला, “कर की गं रिता. आप्पास्नी कशाला तरास?”

तिनं बापाकडं पाहिलं. मग डबा उलटा केला.

करुणा, सगळा नाही सांडलो मी. तुझ्या उजव्या हाताच्या नखांत राहिलोय. आज घरी जाताना रस्त्याकडेला आस्कंदाचं कुठलंही रोप बघ आणि त्याच्या बुडाशी बोट खुपस. बाकीचं मी करतो. कुणासाठी करायचं ते मला कळत नाही म्हणून तर सांगतोय, या वेळी जागा तू निवड. आणि कुणाला सांगू नकोस. भांडणात तर मुळीच नको.

पण माझा आवाज तुझ्यापर्यंत पोचत नाही. कारखान्याच्या बसनं हॉर्न दिला आणि तू चढलीस. आता तुझ्या हातात रबरी मोजे आहेत, आत घाम साचतोय, पट्ट्यावरून खोकी सरकतायत. शिफ्ट सुटायला वेळ आहे. मी नख धरून आहे.