कुशाबांचं गाऱ्हाणं

कुशाबा परबांसारखा साहेब मिळायला नशीब लागतं, असं मी सगळ्यांना सांगत आलेय. त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडात पूजेचं केळं कोंबावं असं वाटलं.

परळला एका गाळ्यात आमची लिफ्टदुरुस्तीची कंपनी आहे. तक्रारींचे फोन मी घेते, मेकॅनिक कुठे पाठवायचा ते कुशाबा ठरवतात. विनीत आमचा सगळ्यात तयारीचा मेकॅनिक. करी रोडच्या एका टॉवरमध्ये तो लिफ्टखालच्या खड्ड्यात एकटाच काम करत होता, तेव्हा लिफ्ट अचानक खाली आली आणि तो थोडक्यात वाचला. तेव्हापासून खड्ड्यात उतरला की त्याचे हात कापायचे, श्वास अडकायचा. माटुंग्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे त्यानं उपचार सुरू केले आणि ते विश्वासानं फक्त कुशाबांना सांगितलं.

कुशाबांचा जीव कळवळला. आणि जीव कळवळला की हा मालवणी माणूस एकच गोष्ट करतो. ऑफिसच्या सत्यनारायणाला ते हात जोडून उभे राहिले आणि नेहमीसारखं सगळ्यांच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालू लागले.

"बा देवा म्हाराजा, आमच्या विनीताच्या मनात जी भीती बसली हा, ती भायर काढून टाक. माटुंग्याच्या डॉक्टराच्या गोळ्यांका यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे सवयीनं म्हणाले. मग सगळ्यांच्या माना विनीतकडे वळल्या. त्यानं प्रसादाचा द्रोण खाली ठेवला आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. फोन केला तर म्हणाला, राजीनामा देतो, गावी जाऊन काहीही करेन. ज्या कामावर त्याचा जीव तेच हा सोडायला निघाला होता. बरं, कुणी काही म्हणत नाही असं त्याला खोटं तरी कसं सांगणार? सकाळीच आमचा दुसरा मेकॅनिक स्वप्नील मला हळूच म्हणाला होता, विनीतबरोबर मला पाठवू नका असं कुशाबांना सांग ना. त्याला मी असा झापला की तो चहा न पिताच साइटवर गेला.

कुशाबा ऐकून खचले. नारळ घेऊन देवळात जाऊया, म्हणाले. माझं डोकं फिरलं.

"देवाला मध्ये घालू नका. बोललात तुम्ही, माफीही तुम्हीच मागा."

संध्याकाळी आम्ही विनीतच्या चाळीत गेलो. त्याच्या बायकोनं, अपेक्षानं, पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. कुशाबांनी उभ्यानंच हात जोडले. चुकलो म्हणाले, सबब सांगितली नाही. मग विनीतला विचारलं की तुला काय हवंय. हे आधीच विचारलं असतं तर!

विनीतनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "दया नको. ऑफिसात खुर्चीवर नका बसवू मला. फक्त खड्ड्यात एकटा नको. आणि डॉक्टरकडे जायचं तर पोट बिघडलं म्हणून खोटं बोलायला लागू नये."

कुशाबा म्हणाले, हे फक्त तुझ्यासाठी नाही करणार, सगळ्यांसाठी करेन, म्हणजे कुणी तुझ्याकडे बोट दाखवणार नाही.

आमचे मालक अवधूतशेठ उखडले. एका कामाला दोन माणसं परवडतात का, म्हणाले. मालकांपुढे कधी आवाज न चढवणाऱ्या कुशाबांनी तेव्हाही तो चढवला नाही. शांतपणे ऑफिसची चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, मग नवा माणूस बघा. शेठनी दोन दिवस कुरकुर केली आणि चावी परत दिली. मला इतका आनंद झाला की स्वप्नीललाही माफ करून टाकलं.

सोमवारी विनीत आला. मान खाली घालून कोपऱ्यात उभा राहिला. कुशाबा देवाच्या तसबिरीपुढे गेले आणि त्यांनी हात जोडले. माझी नजर केळं शोधू लागली.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या कुशाबाच्या तोंडाक कुलूप घाल. माणसान विश्वासान सांगलेला माझ्या पोटातच ऱ्हवांदे. आणि हयल्या कोणाक एकट्याक खड्ड्यात उतरूक लागूचा नाय, ह्याची जबाबदारी माझी. तेका साक्षी ऱ्हव रे म्हाराजा."

 पहिला आवाज कोपऱ्यातून आला, "व्हय म्हाराजा." विनीत होता. त्याच्यामागून सगळे.

तेवढ्यात फोन वाजला. वरळीला लिफ्ट बंद पडली होती, खड्ड्यातलं काम होतं. विनीतनं बॅग उचलली आणि विचारलं, "माझ्याबरोबर कोण येतंय?"

स्वप्नील उठला. पण गुडघे दाबत कुशाबा त्याच्याआधी दारात पोचले होते.