खिडकीखालचा बाक

मिस्टर पेनफोल्ड पुढच्या खोलीत पालथे पडले होते. अंगात लोकरीचा भारी कोट, हातात टॉर्च, आणि डोकं खिडकीखालच्या बाकाखाली. बाहेर दिसत होते ते फक्त पाय.

"ब्यूटिफुल," आतून आवाज आला. "ॲब्सोल्यूटली ब्यूटिफुल."

दाराशी उभ्या असलेल्या नीनाने बाबांकडे बघून अंगठा वर केला. रघुवीरने मान हलवली, इतकंच.

इंग्लंडमधल्या रीडिंग शहराच्या अलीकडच्या थॉर्नवेल गावातल्या या गल्लीत सहा बंगले होते. बंगला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दिवाणखाना आणि गच्ची येते. हे बंगले दोन-दोन खोल्यांचे. विटांच्या भट्टीवर राबणाऱ्यांसाठी १९१२ साली बांधलेले, उतरत्या छपराचे, पुढे छोटासा पोर्च आणि त्याला लाकडाचे जाड खांब. आता ते घरं भाड्याने देणाऱ्या एका हाउसिंग असोसिएशनचे होते आणि असोसिएशनला ते पाडून फ्लॅट बांधायचे होते. पाच बंगले रिकामे करून त्यांच्या खिडक्यांवर फळ्याही ठोकल्या होत्या. सहाव्यात रघुवीर आणि सुप्रभा तेहतीस वर्षं भाड्याने राहत होती आणि हलायला तयार नव्हती. मेडनहेडला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने, नीनाने, अर्ज केला होता, की हे बंगले म्हणजे जुन्या कामगारांच्या कारागिरीचा वारसा आहे, यांना संरक्षित इमारतींच्या यादीत घ्या. यादीत नाव लागलं की घर वाचलं. ते लागायचं की नाही, हे पाहणीला आलेल्या पेनफोल्डसाहेबांच्या रिपोर्टवर ठरणार होतं.

साहेब बाहेर आले, केसांना धूळ, चेहरा फुललेला.

"एकही खिळा नाही! आणि सांध्यांवर खुणा आहेत. कारपेंटर्स मार्क्स! कुठला तुकडा कुठे बसतो ते कळावं म्हणून जुने कारागीर अशा खुणा करत. पण या खुणा मी आजवर कुठे पाहिलेल्या नाहीत. एखादी हरवलेली स्थानिक परंपरा असेल." त्यांनी वही पुढे धरली. खुणा काळजीपूर्वक उतरवून घेतल्या होत्या: १, २, ३, ४.

इथेच वाढलेल्या नीनाला मराठी वाचता येत नव्हतं, बोलतानाही चुकायचं, पण आकडे सुप्रभाने लहानपणी घोटवून घेतले होते. तिचा चेहरा उतरला. ती रघुवीरच्या जवळ सरकली आणि पुटपुटली, "बाबा, प्लीज. काही बोलू नका. घर वाचतोय आपली."

रघुवीर देवरुखच्या सुताराचा मुलगा. १९६६ साली इथे आला आणि एकतीस वर्षं एका शॉपफिटिंगच्या वर्कशॉपमध्ये घालवली. पबचे काउंटर, बँकांचे दरवाजे, वकिलांच्या ऑफिसातली कपाटं. सगळ्यावर मालकाच्या नावाची पितळी पट्टी लागायची. १९७९ साली एका बँकेने जुना ओकचा काउंटर उखडून फेकायला काढला, तेव्हा मॅनेजरला विचारून त्याने एकेक फळी बसमधून घरी आणली आणि थंडीभर रविवार-रविवार खपून हा बाक केला आणि खिडकीखालच्या भिंतीत बसवला. सुप्रभा हॉस्पिटलच्या लाँड्रीत दिवसभर उभी असायची. संध्याकाळी तिला पाय वर घेऊन खिडकीशी बसता यावं म्हणून. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या नकाशांवर काम केलं. स्वतःच्या मनाने केलेली वस्तू ही एकच.

सुप्रभा चहा घेऊन आली. "काय म्हणतायत हो?"

"बाक आवडला म्हणतायत."

"मग सांगा की, तुम्ही केलाय म्हणून."

नीनाने डोळे मिटले.

पेनफोल्डसाहेब बाकावर हात फिरवत होते. "शाळा न शिकलेली माणसं, पण हातात काय कला! असे हात आता या देशात उरले नाहीत."

रघुवीरचे हात त्याच्या मांडीवर होते. उजव्या हाताच्या करंगळीचं टोक १९८३ सालीच करवतीत गेलं होतं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा बाक मी केलाय," तो इंग्रजीत म्हणाला.

साहेब समजूतदारपणे हसले. म्हाताऱ्यांना हसतात तसं. मग रघुवीरने त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्यांच्याच वहीत, त्यांच्या चार खुणांपुढे लिहिलं: ५, ६, ७, ८.

"या पुढच्या खुणा. भिंतीकडच्या बाजूला आहेत. टॉर्च मारून बघा."

साहेबांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उठून त्यांनी कोट झटकला आणि कॅमेऱ्यावर झाकण लावलं.

"आय सी. म्हणजे हे नंतरचं अल्टरेशन आहे."

"पाच मिनिटांपूर्वी ब्यूटिफुल होतं."

"काम नीटनेटकं आहे, शंकाच नाही. पण ऑथेंटिक नाही."

"हे घर बांधणारा कामगार होता, मीही कामगार. त्याने केलं ते हेरिटेज आणि मी केलं ते अल्टरेशन?"

"प्रश्न तारखेचा आहे, सर," साहेब म्हणाले आणि चहा तसाच ठेवून निघाले. लाकूड तेच होतं, सांधा तोच, खोलीतला उजेडही तोच. बदललं होतं ते फक्त करणाऱ्याचं नाव, आणि तेवढ्याने कला बाटली होती.

दार लागताच नीनाचा बांध फुटला. "एक दिवस गप्प बसला असता तर काय झाला असता? तुमचा प्राइड मोठा की आईची घर?"

"त्या मेलेल्या माणसाला माझं काम कशाला हवंय?" रघुवीर ओरडला. "पोर्चचे खांब बघ जाऊन. त्याने केलेत. पंचाण्णव वर्षांत केसाएवढी फट पडली नाही. साहेबाने त्यांच्याकडे मान वर करून बघितलं तरी का?"

सुप्रभा बाकावर बसली होती. "ओरडू नका तिला," ती म्हणाली. "आणि नीना, तूही पुरे कर. खोटं सांगून घर वाचवलं असतं, तर मला इथे बसताच आलं नसतं."

सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला. भाडेकरूने केलेल्या बदलांमुळे वास्तूच्या मूळ रूपाला बाधा आली असल्याने तिचा यादीत समावेश करता येत नाही. पाठोपाठ असोसिएशनचं पत्र: मार्चअखेर घर सोडावं, आणि सोडण्यापूर्वी स्वतः केलेले बदल काढून जागा पूर्ववत करून द्यावी. पाडायचं घर, आणि भिंत नीट करून द्या म्हणे! रघुवीरने पत्राचे चार तुकडे केले. जिथे राहायला जायचं होतं त्या फ्लॅटमध्ये बाक मावणार नव्हता, आणि त्याचे सांधे स्वतःच्या हाताने उकलायला तो कुणाच्या बापाला बांधील नव्हता. त्याने बाक पुसला, तेल दिलं आणि किल्ली देऊन टाकली.

एप्रिलमध्ये यंत्र आलं. रघुवीर कुंपणाबाहेर उभा राहिला. छप्पर गेलं, पोर्चचे खांब आडवे झाले. मग यंत्राच्या दातांनी पुढची भिंत ओढली आणि विटांच्या ढिगातून बाक अख्खाच्या अख्खा बाहेर आला. ड्रायव्हरने तो उचलून आपटला. मोडला नाही. पुन्हा आपटला. एक पाय तुटला, पण सांधा सुटला नाही.

ड्रायव्हरने यंत्र बंद केलं आणि खाली उतरला. पन्नाशीचा, दणकट, सिमेंटने माखलेला माणूस. ग्लव्ह काढून त्याने सांध्यावरून बोट फिरवलं आणि कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्याकडे बघितलं.

"हे कुणी केलं असेल, काही कल्पना?"

रघुवीरने टोपी काढली.

"मी," तो म्हणाला.

ड्रायव्हरने मान डोलावली आणि बाक उचलून कुंपणाशी आणून ठेवला.