चार खुंट्या

मार्सेलने गिटारची बॉडी ओट्यावर पालथी घातली आणि पाठीवरच्या काळ्या रंगाला काचपेपर लावला.

“अंकल, पुढची बाजू आधी घ्या ना,” दीपेश म्हणाला. “दिसणार तीच आहे.”

“पाठ बघितल्याशिवाय माणूससुद्धा कळत नाही.”

दीपेश हसला. मार्सेल हसला नाही.

दीपेश मूळचा चांदीपचा, आता एव्हरशाईनमध्ये राहणारा. बॉडी त्याने चादरीत गुंडाळून आणली होती. मान त्याने नवी घेतली होती, आणि तारा पिळायच्या खुंट्या, बटणं, वायरीही नव्याच, बिस्किटांच्या डब्यात. काळा रंग उतरवून लाकडाला पॉलिश करायचं आणि सगळं जोडून द्यायचं, एवढंच काम. पस्तीस वर्षं कपाटं, पलंग आणि प्रसंगी शवपेट्या चकचकीत करणाऱ्या मार्सेलला ते जड नव्हतं. पण चादर सुटली तेव्हा खालच्या कडेचा नखाएवढा टवका त्याच्या नजरेत भरला आणि संशयाचं भूत मानगुटीवर बसलं ते बसलंच.

असाच टवका देवळातल्या, म्हणजे गावच्या चर्चमधल्या, गिटारला होता. ती मार्सेल आणि त्याचा धाकटा भाऊ रोनाल्ड यांनी आईच्या माघारी गाणाऱ्यांच्या कॉयरला दिली होती. आमच्याकडे देवळात पंखा दिला तरी त्यावर नाव असतं, मग गिटार कशी सुटेल? पाठीवर पितळी पाटी होती, ‘लूर्डसबाय यांच्या स्मरणार्थ’. तिचे चार स्क्रू मार्सेलने स्वतःच्या हाताने पिळले होते. दोन वर्षांपूर्वी उपासकाळात गिटार गेली. रोनाल्ड तेव्हा देवळातले बाक पॉलिश करत होता. कॉयरचा एडवर्ड मास्तर सभेत एवढंच म्हणाला, की किल्ली रोनाल्डकडे होती.

एवढंच, पण ते मार्सेलच्या जिव्हारी लागलं. माझा भाऊ आईच्या नावाची वस्तू चोरील? रविवारी मिस्साची प्रार्थना सुटल्यावर फाटकापाशी, सगळ्या गावादेखत तो एडवर्डला म्हणाला, “चोराच्या उलट्या बोंबा. गिटार तूच विकलीस.” एडवर्डने कॉयर सोडलं. लोकांच्या नजरा सोसवत नाहीत म्हणून रोनाल्ड चंदनसारला भाड्याने राहायला गेला. आणि तेव्हापासून मार्सेल मिस्साला शेजारच्या गावात जात होता.

“कुठून घेतलीस?” त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“ऑनलाईन. एक जण स्टेशनवर आणून देऊन गेला. त्याने पण दुसऱ्याकडून घेतलेली.”

“आणि वाजवायला कोणाकडे शिकलास?”

“एडवर्ड सरांकडे. सहा महिने गेलो.”

काचपेपर थांबला. मार्सेलने पोराकडे बघितलं. डोळ्यांत काही लपलेलं दिसेना. पण मांजर दूध पितानाही गरीबच दिसतं.

“पॉलिशखालचा सीलर संपलाय. नाक्यावरून एक डबा घेऊन ये,” तो म्हणाला. सीलर ओट्याखाली अर्धा डबा होता.

दीपेशची स्कूटर गेल्यावर मार्सेलने हात चालवला. काळ्याखाली राखाडी, राखाडीखाली तांबूस. नाताळच्या मिस्साला चमकायचा तोच तांबूस. आता फक्त चार भोकं हवी होती. वरून चार बोटं, कडेपासून तीन. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली असतील तरी लाकडात पांढरे ठिपके दिसतीलच, लपायचे नाहीत. मग बॉडी घेऊन सरळ फादरांकडे, फादरांना घेऊन एडवर्डच्या दारात. काय बोलायचं ते दोन वर्षं त्याच्या ओठांवर होतं.

पहिलं भोक मिळालं. त्याने ओल्या फडक्याने जागा पुसली आणि चष्मा वर केला.

ठिपका पांढरा नव्हता, हळदीसारखा पिवळा होता. आणि गोल नव्हता, चौकोनी होता.

त्याने दुसरं घासलं. तिसरं. चौथं. सगळीकडे फणसाच्या गाभ्याची काडेपेटीच्या काडीएवढी चौकोनी खुंटी, बॉडीच्या रेषांना रेषा मिळवून ठोकलेली आणि पटाशीने सपाट छाटलेली. बाबा सांगायचे, भोक लांबीने भरतो तो रंगारी, लाकडाने भरतो तो सुतार. गोल खुंटी फिरते, चौकोनी बसली की बसली. हे त्यांनी दोघा भावांनाच शिकवलं होतं. त्यातला एक ओट्यापाशी उभा होता.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मार्सेल स्टुलावर बसला. त्याला राग यायला हवा होता, पण आधी लाज वाटली, आणि तीही रोनाल्डची नव्हती, फाटकापाशी आपण बोललो त्याची होती. काळ्या रंगाखाली कोण बघणार होतं? तरी रोनाल्डने भोकं उघडी ठेवली नव्हती. मार्सेलने चारही खुंट्यांवरून अंगठा फिरवला. तिसरी जराशी वर राहिली होती. रोनाल्डची तिसरी नेहमीच वर राहायची, तोवर त्याचा धीर सुटायचा.

दीपेश डबा घेऊन आला तेव्हा बॉडी पुन्हा चादरीत गुंडाळलेली होती.

“काय झालं अंकल? लाकूड खराब आहे?”

“लाकूड चांगलं आहे. ही देवळाची गिटार आहे, बाळा. माझ्या आईच्या नावाची. तुला देता येणार नाही. फणसाची नवीन बॉडी मी स्वतः बनवून देतो. तुझी मान, तुझ्या वायरी तिच्यावर बसवून देईन.”

दीपेश डबा हातात धरून उभाच राहिला. “चोरीची आहे? अंकल, मला खरंच माहीत नव्हतं.”

“मला कळलं ते. बस तू.”

“पण चोरली कोणी?”

मार्सेलने फोन उचलला. पलीकडे खूप वेळ रिंग वाजली.

“बोल, दादा.”

“तिसरी खुंटी वर राहिलीय,” मार्सेल म्हणाला.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी गॅस बारीक केला.

“पाटी कुठंय, रोनाल्ड?”

“घरातल्या आल्तारावर,” तो म्हणाला. “आईच्या फोटोपुढे. ती नाही रे विकवली.”

“घेऊन ये. स्क्रूपण आण.”

“घरी येऊ?”

“घरी नको. एडवर्डकडे ये. मी आधी जाऊन बसतो.”

“तो मला दारात तरी उभं करील का?”

मार्सेलने चादरीची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली.

“तुला करील,” तो म्हणाला. “माझं सांगता येत नाही.”