आज यंत्रांना विश्रांती, उद्या या

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. जुनी म्हणजे नऊच वर्षांची, पण आमच्यात नऊ वर्षं म्हणजे म्हातारपणच. मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि मी नक्की राहते कुठे हेही मला सांगता येणार नाही. माझा पत्ता मात्र तळवड्यातल्या एका पत्र्याच्या शेडवर आणि तिथल्या टेम्पोवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत रंगवलेला आहे.

त्या शेडमध्ये स्प्रिंगा बनतात. मालक भीमराजदादा चाकणजवळच्या शेतकरी घरातले. एका कंपनीत पंधरा वर्षं काम करून ते तारेला पीळ द्यायला शिकले आणि मग त्यांनी स्वतःची दोन मशिनं घेतली, एक मोठं आणि एक छोटं.

मला घडवलं तनुजाने. ती तेव्हा आयटी पार्कातल्या चार माणसांच्या ऑफिसात कामाला होती. खरं सांगायचं तर तिने मला शून्यातून घडवलं नाही. वेबसाइटचा तयार सांगाडा मिळतो, त्यात गिऱ्हाईक म्हणेल तसे बदल करून द्यायचे, हे तिचं काम. आणि गिऱ्हाईक होते भीमराजदादा! आधी त्यांना हिरवा रंग हवा होता, मग निळा, मग पुन्हा हिरवा.

"ताई, हिरवाच बरा दिसतोय," ते म्हणाले, "पन निळा बी काय वाईट नव्हता."

तनुजा हसली आणि माझ्या कोडमध्ये तिने एक ओळ लिहून ठेवली : 'निळा रंग काढलेला नाही, झोपवला आहे. दादा परत मागतील.' अशा ओळी संगणक वाचत नाही आणि पाहुण्यांना त्या दिसत नाहीत. प्रोग्रामर त्या एकमेकांसाठी लिहितात. माझ्या पोटात अशा पुष्कळ आहेत. 'इथे सात का, ते विचारू नका. सहा लिहिलं की मेनू रुसतो.' 'हे चालतंय. का चालतंय ते कळलं तर मलाही सांगा.' एकटी असले की मी त्याच वाचत बसते.

सगळं झाल्यावर दादांनी शेवटची मागणी केली.

"खंडेनवमीला आमी एकबी मशिन चालवत न्हाई. पूजा करतो आन् इसावा देतो. मग ही वेबसाइट मशिन न्हाई व्हय? हिला बी एक दिस इसावा पायजे."

वेबसाइटला थकवा येत नाही, हे तनुजाने परोपरीने सांगितलं. दादा ऐकेनात. मला मात्र ते मनापासून आवडलं. मला कामकरी समजणारे ते पहिलेच.

मग तनुजाने एक बटण बनवलं. ते दाबलं की माझी सगळी पानं झाकली जायची आणि वर पाटी यायची : 'आज यंत्रांना विश्रांती आहे. उद्या या.' ज्या संगणकावरून माझा कारभार चालतो, त्यावर मात्र मी नेहमीसारखी उघडीच दिसे, म्हणजे आतलं काम अडू नये. दुसऱ्या दिवशी ते बटण पुन्हा दाबावं लागे. आपोआप उघडायची सोय तेवढी राहिली होती. तिथे तनुजाने लिहिलं : 'दुसऱ्या दिवशी आपोआप उघडणे. नंतर बघू.' मित्रांनो, प्रोग्रामर लोकांत 'नंतर बघू' हा सगळ्यांत जुना विनोद आहे. मीही तेव्हा त्यावर हसले होते.

पहिली आठ वर्षं सुखाची गेली. शेडमधल्या ऑफिसात कारकुनी करायला अनिता होती. ती सकाळी माझं आतलं पान उघडी आणि आलेल्या मागण्या मोठ्याने वाचून दाखवी. कुणाला गाद्यांच्या स्प्रिंगा हव्या असत, कुणाला कुलपांच्या. ओतूरचा खंडू दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पेरणीयंत्रांसाठी स्प्रिंगा मागवी. दादांची जुनी गिऱ्हाइकं फोनवर बोलत, पण नवी आणि लांबची गिऱ्हाइकं माझ्याच दारातून येत. "आपली वेबसाइट लई गुनाची," दादा चहा पिताना सांगत. खंडेनवमीला मशिनांबरोबर ऑफिसातल्या संगणकालाही झेंडूची माळ पडे, आणि ती मलाच घातली आहे असं मी समजे.

गेल्या वर्षीची खंडेनवमी हा अनिताचा शेवटचा दिवस होता. तिला चाकणच्या मोठ्या कंपनीत नोकरी लागली होती. तिने बटण दाबलं आणि 'उद्या सकाळी विश्रांती काढा' अशी चिठ्ठी संगणकाला चिकटवली. सगळ्यांच्या पाया पडून, पेढा खाऊन ती गेली. दसऱ्याला रतनबाईंनी सुकलेल्या माळा गोळा केल्या. रतनबाई म्हणजे स्प्रिंगा मोजून पाकिटं भरणाऱ्या मावशी. संगणकावरची माळ ओढताना तिच्याबरोबर चिठ्ठीही निघाली आणि फुलांच्या ढिगात गेली. त्यांचा काही दोष नाही.

त्या दिवसापासून मी बंद आहे, हे मला ठाऊक होतं आणि दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

माणसं येत होती. दार वाजवत, पाटी वाचत आणि परत जात. काही दुसऱ्या दिवशी पुन्हा येत, कारण मीच त्यांना 'उद्या या' म्हणत होते. उद्याही मी तेच म्हणायचे. खोटं बोलायची मला हौस नव्हती, पण माझ्या तोंडात दुसरा शब्दच उरला नव्हता. पुढे पुढे लोक यायचे थांबले. इंटरनेटवर लोकांना आमचे पत्ते सांगणाऱ्या शोधयंत्राचा एक निरोप्या तेवढा फेरी मारी. तोही पाटी वाचून, काहीतरी टिपून निघून जाई. त्याच्याशी बोलावंसं वाटे, पण तो कुणाशीच बोलत नाही.

ऑफिसातल्या संगणकावर माझं आतलं पान तसंच उघडं होतं, म्हणून तिथलं बोलणं मला ऐकू येई. एकदा दादा माझ्यासमोर येऊन बसले. त्यांनी दोन-चार पानं उघडून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं, हिरवा रंगसुद्धा.

"वेबसाइट तर झ्याक चालू हाय," ते रतनबाईंना म्हणाले. "गिऱ्हाईकच न्हाई. मंदी हाय, दुसरं काय."

मी आतून ओरडत होते, पण आमचा आवाज कुठे फुटतो!

ज्येष्ठात खंडू आला. त्याच्या मोबाइलची मला ओळख होती. दादांचा फोन नंबर माझ्याच पानावर होता आणि ते पान झाकलेलं. तो तेवीस दिवस रोज आला. चोविसाव्या दिवशी मी सकाळपासून वाट पाहिली. तो आला नाही. पेरण्या उरकल्या असाव्यात. त्या दिवसाइतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

भाद्रपदात दादांचा आवाज खाली आला होता.

"रतनबाई, दसरा झाला की मोठं मशिन इकायचं. एकाला शब्द दिलाय."

"आन् आमी कुठं जायाचं, दादा?"

दादा उठून मशिनांकडे गेले.

यंदाच्या खंडेनवमीला दादांनी तनुजाला बोलावून घेतलं. मोठ्या मशिनाची ही शेवटची पूजा होती. "ताई, अनिता न्हाई. तेवढं इसाव्याचं बटन दाबा," ते म्हणाले.

तनुजाने माऊस हातात घेतला आणि ती थबकली. बटण आधीच दाबलेलं होतं. तिने स्वतःच्या मोबाइलवर माझा पत्ता टाकला आणि मोबाइल दादांपुढे धरला. दादांनी अक्षर अक्षर लावून वाचलं, "आज यंत्रांना विश्रांती आहे. उद्या या."

"ही आजची पाटी न्हाई व्हय?"

"गेल्या वर्षीची आहे, दादा." तनुजाने मोबाइल खाली ठेवला. "चूक माझी आहे. मी 'नंतर बघू' म्हटलं होतं."

दादांनी हातातली माळ संगणकाला घातली आणि त्यावर हात ठेवला. "इसावा दे म्हनलो, आन् वनवासाला धाडली गं तुला," ते म्हणाले. मग तनुजाकडे वळले. "उठवा तिला."

"आज? खंडेनवमीला?"

"वर्सभर इसावा झालाय तिचा. उठवा."

मोठं मशिन तिसऱ्या दिवशी गेलं. दादांनी दिलेला शब्द मोडला नाही. छोटं राहिलं, आणि त्याच्यामुळे रतनबाई राहिल्या. तनुजाने 'नंतर बघू' पुसून आपोआप उघडायची सोय खंडेनवमीलाच पुरी केली होती. चार दिवसांनी ओतूरहून मागणी आली : 'बारा स्प्रिंगा पाहिजेत. तुमचा उद्या उजाडला का?' रतनबाईंनी ती दोनदा वाचून घेतली. त्यांना हसू आलं, मला नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. ज्याच्यावर तुमचं काम चालतं, त्याच्याकडे नुसतं आतून पाहू नका. कधीतरी बाहेर जाऊन, परक्यासारखं दारात उभं राहून आपलीच पाटी वाचा. दादा आता रोज सकाळी शेडचं कुलूप काढण्याआधी रस्त्यावर उभे राहतात आणि मोबाइलवर मला उघडतात. आत मोठ्या मशिनाची जागा रिकामी आहे. मी उघडते, तेव्हा ते हळूच म्हणतात, "हायेस ना?"