रेवूची व्याख्या

मंगळवारी सकाळी खालच्या मजल्यावरची प्रज्ञा वाटी घेऊन रेवूची व्याख्या मागायला आली.

"थोडीशीच द्या, वहिनी. विरजणापुरती," ती दारातूनच म्हणाली. "आमचा शौनक झोपेचं नाव घेत नाही. तुमची बघा, कशी घड्याळ लावल्यासारखी झोपते."

ऋजुताला यात वावगं काही वाटलं नाही. बाळंतपणाआधी ती ज्या कंपनीत होती तिथे तिचं हेच काम होतं. लिफ्ट असो, सिग्नल असो, बाटल्या भरायचं यंत्र असो, ते कुठकुठल्या अवस्थांत असतं आणि कशामुळे एकीतून दुसरीत जातं, हे लिहून काढायचं. एकदा व्याख्या नीट लिहिली की तीच हव्या तितक्या लिफ्टना वापरायची. रजेत कंटाळून तिने एका कागदावर रेवूची लिहिली होती. चार वर्तुळं. झोप, भूक, रडणं, शांत. मधे बाण, बाणावर कारण. कागद फ्रिजवर चुंबकाने लावला होता.

आधी तिने स्वतःच्या वाटीवर कागद तिरपा केला. काही पडलं नाही. प्रज्ञाच्या वाटीवर धरला, तेव्हा चारही वर्तुळं सायीसारखी घरंगळत आत उतरली. कागदावरची होती तशीच राहिली.

दुपारी एक वाजता रेवू झोपली. खाली शौनकही झोपला. मग वाट्या येतच राहिल्या. शुक्रवारपर्यंत इमारतीतली अकरा मुलं एकला झोपत होती आणि तीनला उठत होती. नाकं, जावळ, अंगावरचे तीळ ज्याचे त्याचे होते.

शनिवारी मुलं रडली तीही एकदमच, आणि थांबेनात. खुळखुळे झाले, दूध झालं, गच्चीवरचे कावळे दाखवून झाले. शेवटी दारं उघडली आणि अकरा मुलं रांगत, काही पायऱ्यांवरून बसकत, ऋजुताच्या दाराशी आली. तिने उचललं की मूल शांत व्हायचं. खाली ठेवलं की पुन्हा सुरू. रांगेत रेवूचा नंबर बारावा होता.

तिचा नवरा, पराग, फ्रिजपाशी जाऊन कागद वाचत होता.

"रडणं ते शांत, या बाणावर काय लिहिलंयस?"

"ऋजुता."

"अगं, नाव? 'आई' नाही?"

"एकीसाठीच लिहिली होती."

"आणि मी कुठे आहे यात?"

"खाली बघ. आपल्या हातात नसलेल्या गोष्टी."

त्याने वाचलं. दाराची बेल, कुकरची शिट्टी, पराग.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

ऑफिसात नवीन मुलांना ती पहिल्याच दिवशी बजावायची. व्याख्येत कुणाचं नाव घालायचं नाही. जागा मोकळी सोडायची, वापरेल तो भरेल.

जिन्यात प्रज्ञा उभी होती. शौनक ऋजुताच्या खांद्यावर होता आणि आपल्या आईकडे बघतही नव्हता. ऋजुताला ते बघवेना. तिने खोडरबर घेतलं.

नाव खोडल्याबरोबर आवाज थांबला. तोंडं मात्र उघडीच राहिली. बायका घरी जाऊन वाट्या घेऊन आल्या, प्रत्येकीने आपल्या वाटीत बोटाने आपलं नाव लिहिलं, आपापलं मूल उचललं.

"सुटलो बाई," जाता जाता कुणीतरी म्हणालं.

मग ऋजुता रेवूकडे वळली. रेवूचंही तोंड उघडं होतं. मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तशी ती आईकडे बघत होती.

कागदावर जागा मोकळी होती. ऋजुताने तिथे पेन्सिल टेकवली आणि उचलली. तिथे लिहिलं असतं तर ते अकराही घरांत उतरलं असतं. नाव लिहायचं ते वाटीत, आणि सगळ्या इमारतीत वाटी नव्हती ती फक्त रेवूची. घरची वाटी चालत नाही हे मंगळवारीच कळलं होतं, तरी तिने दोन वाट्या आणि एक पातेली धरून पाहिली.

रेवूला कडेवर घेऊन ती खाली गेली.

"तुमचंच तुम्हाला द्यायचं, त्यात विचारता काय?" प्रज्ञा कणीक मळत होती. "पण यात माझं नाव विरजलंय हो."

"पुसून देशील?"

"आता घट्ट लागलंय, वहिनी. मोडलं तर पाणी सुटेल. शौनक नुकता कुठे..." तिने कणकेवर पाण्याचा हात फिरवला.

"मग कडेचं दे. नाव नसेल तिथलं."

प्रज्ञाने चमच्याने अगदी कडेचं काढून ऋजुताच्या वाटीत घातलं. ऋजुताने वाटी उजेडात धरली, फिरवून पाहिली. चार वर्तुळं होती, बाण होते. नाव काही दिसत नव्हतं. तिने बोटाने आपलं नाव लिहिलं, नीट, पहिलीतल्या मुलीसारखं.

रेवूने तोंड मिटलं. मग ती रडायला लागली. नाव खोडल्यापासून पहिल्यांदाच, आवाजासकट.

"आहे मी. ही बघ, इथेच आहे," ऋजुता तिला थोपटत म्हणाली.

रेवू तिच्या खांद्यावरून पलीकडे झुकली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

प्रज्ञाचे हात कणकेचे होते. ती ते गाऊनला पुसू लागली, एकेक बोट.