मित्राकडे लावलेली गाडी

अपघात झालेली विजेवरची गाडी यार्डात आली की तिला आधी एकटं ठेवावं लागतं. चारी बाजूंनी पंधरा मीटर मोकळी जागा, भोवती पिवळी फीत, आणि दहा दिवस कुणी जवळ जायचं नाही. बॅटरीला आतून इजा झाली असेल तर ती लगेच दिसत नाही. आठवड्यानंतरसुद्धा पेट घेऊ शकते. फितीच्या आत जायची परवानगी फक्त मला आहे. मी रोज एकदा जाते, मोजमाप घेते, बाहेर येते. दहा दिवस झाले की फॉर्मवरच्या दोन चौकोनांपैकी एकात खूण करते: दुरुस्ती, नाहीतर टोटल लॉस. टोटल लॉस म्हणजे गाडी भंगारात.

ही गाडी वरवर पाहता फारशी लागलेली नव्हती. एक दिवा फुटलेला, पुढचं दार दबलेलं. पत्र्याचं काम दोन दिवसांत झालं असतं. पण ती रस्त्याच्या मधल्या दगडी दुभाजकावर चढून पलीकडे उतरली होती, आणि बॅटरी तळाशी असते. मी खाली आरसा सरकवून बघितलं. पेटीला तळहाताएवढा खळगा पडला होता, साडेचार मिलिमीटर खोल. या बॅटरीतले सेल एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे बिघडलेला तेवढा काढून दुसरा बसवता येत नाही. बदलायची तर सगळी बॅटरी, आणि ती या गाडीच्या आजच्या किमतीहून महाग. तेव्हा प्रश्न एवढाच होता, की त्या खळग्याच्या आत काय झालंय.

पहिलं मोजमाप मी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी घेतलं. त्यासाठी किल्लीचं कार्ड लावून गाडी उघडावी लागते, ती जागी झाली की मग यंत्र जोडायचं. सेलचे शहाण्णव गट असतात. पंच्याण्णव एका पातळीवर होते. खळग्याच्या वरचा, सत्तेचाळिसावा, तीन मिलिव्होल्टनी खाली होता. तीन म्हणजे काहीच नाही. वीसच्या पुढे गेला की टोटल लॉस, असा नियम आहे.

तीन वाजता एक वयस्क गृहस्थ फाटकाशी आले. चालत आले असावेत, शर्ट पाठीला चिकटला होता.

"माझी गाडी कुणी उघडली? दोन वाजून दहा मिनिटांनी?"

"मी उघडली, काका. तपासायला. पण तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठलं कळतंय! मुलाला कळलं. त्याच्याकडे पहाटेचे पावणेचार. फोन वाजला, उठून बसला बिचारा. 'बाबा, भर उन्हात कुठे निघालात?'"

मी त्यांना छपराखाली बसवलं, पाणी दिलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. गाडी मुलाने घेऊन दिलेली, नावही त्याचंच. गाडी उघडली की त्याच्या फोनवर कळतं, आणि ती कुठे आहे तेही नकाशावर दिसतं. काका रोज सकाळी नऊला गाडी काढत. मुलाकडे तेव्हा रात्र असते. झोपायच्या आधी तो फोन बघतो आणि लिहितो, 'भाजी आणायला?' काका लिहितात, 'हो.' किंवा 'बँकेत.' एवढंच. काकू गेल्यापासून चार वर्षं बापलेकांचं बोलणं ते हेच.

"अपघाताचं सांगितलं नाहीत?"

"सांगितलं तर म्हणेल, पुरे झालं आता गाडी चालवणं. गाडी गेली की मग तो बघणार काय आणि विचारणार काय?" त्यांनी पेला खाली ठेवला. "कुत्रं आडवं आलं हो. माझा दोष नाही."

गाडीतली नोंद मी मघाशीच वाचली होती. ब्रेक दाबलाच गेला नव्हता. अॅक्सिलरेटर एक पूर्णांक दोन सेकंद तळापर्यंत दाबलेला होता. माझ्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. 

"पण गाडी इथे उभी आहे हे त्याला दिसत असेल ना?"

"म्हटलं, घराजवळचा चार्जर बंद पडलाय. गाडी मित्राकडे लावून ठेवलीय, रोज चालत जाऊन उघडून बघतो." ते जरा ओशाळले. "तुम्ही तेवढी नऊला उघडाल का?"

मोजमाप चोवीस तासांतून एकदा घ्यायचं, कधी घ्यायचं ते माझ्यावर. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नऊला पाच मिनिटं कमी असताना ते फाटकाशी हजर. मी आत जाऊन यंत्र जोडलं. सत्तेचाळिसावा चार.

"काय डॉक्टर, ताप आहे का पेशंटला?" ते फितीपलीकडून ओरडले.

"नाही."

"मग कण्हते का?"

"कण्हतही नाही."

"म्हणजे अगदी आमच्या हिच्यासारखी. शेवटपर्यंत काही सांगितलं नाही."

मला हसावं की नाही कळलं नाही. तेच हसले, मग मीही.

तेवढ्यात त्यांचा फोन किणकिणला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचलं. "विचारतोय, मित्र कोण? आता आली का पंचाईत! काय लिहू?"

"तुम्हाला मित्र नाहीत?"

"होते की. एकेक करून रजेवर गेले." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही संध्याकाळी काय करता?"

"मी? शब्दकोडं सोडवते."

"उत्तम." त्यांनी एका बोटाने टाइप करायला घेतलं. "घरी कोण कोण?"

"कुणी नाही. लॉन्ड्रीच्या वर दोन खोल्या आहेत."

"मित्र एकटाच असतो, शब्दकोडी सोडवतो, लॉन्ड्रीच्या वर राहतो. बघा, एकही शब्द खोटा नाही."

अशा रीतीने मी मित्र झाले. मुलगा, ज्याला 'भाजी आणायला?' याच्या पुढे सुचत नसे, तो आता मित्राबद्दल विचारू लागला. मित्र जेवतो कुठे, पूर्वी काय करायचा, तुमचं जमतं कशावर. काकांना ऐनवेळी उत्तरं सुचत नसत, म्हणून ते सकाळी माझ्याकडून साठा करून घेत. काल काय खाल्लंत? दोन उकडलेली अंडी आणि पाव. बस्स? बस्स. झोप लागते का? लागते, पण उशिरा. माझ्या तब्येतीची इतकी चौकशी आई गेल्यापासून कुणी केली नव्हती. यार्डातली माणसं त्यांना 'नऊची पाळी' म्हणू लागली होती.

पाचव्या दिवशी त्यांनी फोन मला दाखवायला हात लांब केला. मुलाने लिहिलं होतं, 'बाबा, शाळेत असताना मीही कोडी सोडवायचो. आठवतं?'

"तुम्ही काय लिहिलंत?"

"आठवतं, असं लिहिलं." त्यांनी फोन खिशात घातला. "खरं तर नाही आठवत. मी पाणीपुरवठ्यात नकाशे काढायचो. रात्री घरी यायचो तेव्हा तो झोपलेला असायचा."

त्या दिवशी सत्तेचाळिसावा सहा मिलिव्होल्ट खाली होता. मग आठ. मग नऊ, अकरा. नवव्या दिवशी चौदा. मी आकडे वहीत लिहीत होते आणि त्यांना "अजून हद्दीत आहे" एवढंच सांगत होते. ते खोटं नव्हतं. दहाव्या दिवशी सतरा.

यार्डचे मालक माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, हद्द किती?"

"वीस."

"आणि आले किती?"

"सतरा."

"मग घोडं अडलंय कुठे? आम्ही पस्तीसला पास होत होतो, तरी घरी पेढे वाटायचे. करा खूण. पत्र्यावाला रिकामा बसलाय."

"उद्या करते," मी म्हटलं.

घरी जाऊन मी ते दहा आकडे कागदावर मांडले. तीन, चार, चार, पाच, सहा, आठ, नऊ, अकरा, चौदा, सतरा. रेषा सरळ असती तर वाट बघता आली असती. ती वर वळत होती. आत कुठेतरी सेलमधला पडदा फाटला होता आणि फाट वाढत होती.

नियमात एक तिसरी वाटही आहे: शंका असल्यास आणखी दहा दिवस निरीक्षण. मी त्या ओळीवर बराच वेळ थांबले. तसं लिहिलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. पण मला शंका नव्हती. मला आणखी दहा सकाळी हव्या होत्या, आणि त्याचा गाडीशी काही संबंध नव्हता.

अकराव्या दिवशी काका आले तेव्हा मी कागद घेऊन फाटकाशीच उभी होते.

"मालक म्हणाले पास आहे!" ते लांबूनच म्हणाले.

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि रेषेवरून बोट फिरवलं, पहिल्या टिंबापासून शेवटच्या टिंबापर्यंत. मग बोट कागदाच्या कोऱ्या भागातही तसंच पुढे गेलं, वर, आणखी वर, काठाबाहेर.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"महिन्याभरात पेट घेईल. कदाचित त्याआधी. तुम्ही आत बसलेले असाल, किंवा सिग्नलला शेजारी दुसरं कुणी."

"आणखी थोडे दिवस बघितलं तर?"

"नियमात बसतं. पण बघण्यासारखं काही उरलेलं नाही, काका."

 त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि मला परत दिली. "नकाशा चांगला काढलाय," म्हणाले.

मी त्यांच्यासमोरच दुसऱ्या, टोटल लॉसच्या चौकोनात खूण केली. मग त्यांना सांगावं लागलं, की गाडी ज्याच्या नावावर आहे त्याने ती स्वतःच्या फोनवरून काढून टाकल्याशिवाय आम्हाला तिला हात लावता येत नाही. मुलाला सांगायलाच हवं.

"तुम्ही बोला ना," ते म्हणाले. "तुम्ही मित्र आहात."

"तो मित्र कोण, ते आधी तुम्हीच सांगा."

त्यांनी फोन लावला. तो छपराखालच्या बाकावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"बाबा? फोन कसा काय केलात? बरे आहात ना?"

"बरा आहे. ऐक. गाडी ठोकली मी. बारा दिवस झाले."

 "लागलं का?"

"मला नाही. गाडीला लागलं. ती आता दुरुस्त होणार नाही. आधी म्हणणार होतो कुत्रं आडवं आलं, पण कुत्रं-बित्रं काही नव्हतं. पाय चुकला."

"आणि मित्र?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "मित्र आहे. म्हणजे बाई आहेत. गाडी तपासतात. अंडी आणि पाव खातात ते खरं आहे."

मुलगा हसला की श्वास सोडला, ते फोनवर कळलं नाही. "त्यांना द्या."

मी आकडे पाठ करून ठेवले होते. त्याने एकही विचारला नाही.

"बाबा रोज तिथे चालत यायचे?"

"हो."

"किती आहे घरापासून?"

"सव्वातीन किलोमीटर."

"आणि परत?"

"परतही चालतच."

"बरं," तो म्हणाला. जरा वेळाने माझ्या यंत्रावरचा गाडीच्या मालकाच्या नावाचा रकाना कोरा झाला.

काकांना फितीच्या आत जाता येत नव्हतं. त्यांचं सामान मी आणून दिलं: छत्री, काळा चष्मा, पाठीला लावायची उशी. फोन कानाशी धरून त्यांनी ते दुसऱ्या हाताने कसंबसं काखेत मारलं. मुलगा अजून बोलत होता. काहीतरी विचारत असावा, कारण काका फाटकाकडे वळताना सांगायला लागले.

"आता निघालो. हो, चालतच. फाटकातून बाहेर पडलो. डावीकडे वळतोय. इथे एक सायकलचं दुकान आहे, बंद आहे अजून. पुढे? पुढे औषधाचं दुकान. मग उतार आहे. नाही, नाही, हळूच चाललोय. आता उजव्या हाताला शाळेची भिंत आली..."

भिंतीपर्यंत मला ऐकू येत होतं. मग मी हातमोजे चढवले आणि गाडीच्या बॅटरीची वायर कायमची तोडायला फितीच्या आत गेले.