काळूरामची हिरवी डुकरं

थाप मारली ती मीच. आता लपवून काय करू?

माझी नात श्वेता मुंबईला लॅबमध्ये डुकरांच्या आजारावर शिकते. टोकावड्याच्या काळूरामच्या दहा डुकरांचं थोडं थोडं रक्त तिला हवं होतं. मंगळवारी नेलं नाय तर लॅबच्या मशीनवरचा तिचा नंबर दुसऱ्याला जाणार नि पोरीचं वर्ष लांबणार.

सोमवारी मी किन्हवलीहून मुरबाडच्या एसटीत बसले. शेजारी आमच्या आळीतली सोमी. म्हणाली, "श्वेता करते तरी काय गो?" खरं सांगितलं असतं, पण गाडी सुटेना, बसून बसून कंटाळा आलेला. म्हटलं, "ती सुई टोचते नि डुक्कर हिरवं चमकतं. एक पळालं सिद्धगडाच्या रानात. फॉरेस्टवाले आता बॅटरी घरीच ठेवतात, त्याच्याच उजेडात फिरतात."

सोमीची लेक टोकावड्यालाच दिलेली, थाप रात्रीतच तिथं पोचली. मंगळवारी मी नि श्वेता थंड पेटी घेऊन पोचलो, तर काळूराम फाटकाला कुलूप लावून उभा.

"नाय द्यायचं रक्त. चमकणारं डुक्कर माझ्याकडनं घेईल कोण?"

श्वेता माझ्याकडं वळली. "आजी!"

"अगो, गाडी उशिरा सुटली," मी म्हटलं.

तिनं बिचारीनं समजावलं, "काळूदादा, डुकराला रंग नाय टोचत. रंग लॅबमध्ये, नळीतल्या रक्तात. आजाराशी लढणाऱ्या पेशी असतात ना, त्यातल्या एकाच प्रकारच्या पेशीला अँटीबॉडी जाऊन चिकटते. तिला रंग लावलेला असतो. लेझर मारला की चमकते."

काळूराम हसला. "यापेक्षा आजीची थाप बरी. डुक्कर डोळ्यापुढं तरी आलं."

पोरीचे डोळे भरले. मग मात्र मी पुढं झाले.

"काळूराम, तुझ्या कोंबड्यांच्या पायाला लाल चिंध्या कशाला रे?"

"शेजारणीच्यात मिसळतात. तिच्या निळ्या."

"मग रक्तात पण तसंच. पेशी मिसळलेल्या, दिसायला सारख्या. ती अँटीबॉडी म्हणजे चिंधी. एकीला लाल, दुसरीला हिरवी. नि बांधायची ती रक्त बाहेर काढल्यावर."

तो म्हणाला, "म्हणजे चिंध्या मोजल्या की कळतं, लढायला कोण किती आलेत?"

"तेच, दादा!" श्वेता ओरडली.

"आजे, आत्ताच्या आत्ता सोमीवयनीला फोन लाव. सांग, थाप होती."

लावला. सोमी म्हणते, "काळूरामनं दम दिला ना गो तुला?"

त्यानं फोन हिसकावला. "वयनी, दम कसला? ऐका. तुमी कोंबडीला चिंधी बांधता ना..." नि सगळं पहिल्यापासून सांगायला लागला, वर स्वतःची भर घालून. सोमी काय ऐकेना, हा काय थांबेना. बोलता बोलता एका हातानं त्यानं कुलूप काढलं.

दहाही नळ्या भरल्या. परतीच्या एसटीत श्वेतानं मला खिडकीशी बसवलं, पेटी माझ्या बाजूच्या सीटवर ठेवली, स्वतः तिच्या पलीकडं बसली, नि मुरबाड येईपर्यंत कोणाला माझ्याजवळ फिरकू दिलं नाय.